वाजवायचा राहिलेला पाटा

सोमवार, ३ फेब्रुवारी

टायरवाल्याने दर वर्षीप्रमाणे डायरी दिली. एरवी ती स्वयंपाकघरात जाते आणि आमची ही तिच्यात गॅसची टाकी कधी लावली ते लिहिते. यंदा मीच ठेवून घेतली. हल्ली घरात कोणाशी दोन शब्द बोलायला जावं तर समोरचं माणूस पुटपुटतं. कागद निदान पुटपुटत नाही.

मी गाड्यांचे पाटे करतो. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची जी चळत असते, लांब पट्टीखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, ते पाटे. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. ओझं वाहून वाहून त्यांचा बाक जातो आणि गाडी मागून बसते. मग मी ते सोडवतो, एकेक पाटा हुकाला टांगून हातोडीने वाजवतो. खणखणीत वाजला तर ऐरणीवर घणाने ठोकून त्याला पुन्हा बाक देतो. बद्द वाजला तर त्यात कुठेतरी चीर आहे, तो भंगारात. हे अप्पांनी शिकवलं. आता या कामात मी एकटाच उरलोय. बाकीचे सगळे जुने काढतात नि नवे घालतात, त्याला काय अक्कल लागते.

सकाळी दूधवाला आला. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या पिकअपचे पाटे मीच केले होते. आता उजवीकडचा मेन पाटा, म्हणजे सगळ्यात वरचा लांब, तो मधोमध तुटला आणि गाडी तिरकी होऊन एका भिंतीवर गेली. शेजारी त्याची बायको बसली होती, तिच्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. मी तुटका पाटा हातात घेतला. तुटलेल्या जागी अर्धं लोखंड चकचकीत, अर्धं गंजलेलं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. कॅन किती भरत होतास, रस्त्यात खड्डे दिसतात का तुला, माझ्या हातचा पाटा सहा-सहा वर्षं बघावा लागत नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "चुकलं मालक. भरत होतो थोडं जास्त."

हे सगळं चाललं होतं तेव्हा ताई तिथेच उभी होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, दोन वर्षांनी मोठी. भाऊजी गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांची रोपवाटिका आणि बावीस वर्षांची पिकअप, दोन्ही आता तीच चालवते. गाडी मागून इतकी बसलीय की चढावर पुढचे दिवे आकाशात जातात. टेकडीवरच्या इस्पितळाभोवती दोनशे चाळीस झाडं लावायचं काम तिला मिळालंय. प्रत्येक झाड मातीसकट डब्यात, म्हणजे वजन चिक्कार.

दूधवाला गेल्यावर म्हणाली, "धाकट्या, माझ्या गाडीला सरळ नवेच पाटे घाल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "अप्पांच्या दुकानात उभी राहून तू मला नवे घाल म्हणतेस?"

ती काहीतरी म्हणाली, मग माझ्या दंडाला हात लावून परत म्हणाली, "बरं बाबा. तू म्हणशील तसं." हल्ली तिला प्रत्येक वेळी दंडाला हात लावायची सवय लागलीय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवसांत काम संपलं. दोन्ही बाजूंचे सात-सात पाटे सुटे केले, तारेच्या ब्रशने गंज काढला, वाजवले. सगळे खरे. अप्पा ‘खणखणीत’ आणि ‘बद्द’ म्हणायचे नाहीत, ‘खरा’ आणि ‘खोटा’ म्हणायचे. आम्ही लहान असताना ते आम्हा दोघांना त्यांच्याकडे पाठ करून बसवायचे, पाटा वाजवायचे आणि विचारायचे. ताई पुढे, मी तिच्या मागे. आम्हा दोघांचंही कधी चुकलं नाही. पुढे ताईचं लग्न झालं आणि दुकान माझ्याकडे आलं, मुलगा म्हणून.

फरशीवर खडूने बाक आखला, एकेक पाटा त्याला जुळेपर्यंत ठोकला. मध्ये ताई डबा घेऊन आली आणि पुन्हा तेच, अजून वेळ गेलेली नाही, नव्याचा विचार कर. मी जेवलो नाही. रागाने दुप्पट ठोकलं. गाडी उभी केली तेव्हा मागून अशी ताठ दिसत होती की समोरच्या ब्रेकवाल्याने हात वर करून दाद दिली. तो हल्ली हाक मारतच नाही, नुसते हातवारे करतो. आळशी झालाय.

कानात अजून पाट्यांचा सूर घुमतोय. चांगलं काम झालं की तो दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दाढी करत होतो. हनुवटीखाली वस्तरा होता आणि एकदम आठवलं. डावीकडचा मेन पाटा मी वाजवलाच नाही.

ताई डबा घेऊन आली तेव्हा तोच हातात होता. तिच्याशी वाद घालता घालता तो हुकाला न टांगता तसाच ऐरणीवर घेतला. सहा वाजवले. सातवा राहिला. सातवा म्हणजे मेन, ज्याच्या दोन्ही टोकांनी गाडी धरलेली असते. तो तुटला तर चाकाचा दांडा जागचा सरकतो आणि गाडी आपल्या मनाने वळते. दूधवाल्याची गेली भिंतीवर. टेकडीच्या रस्त्याला भिंत नाही.

पाटा चांगलाच असणार. बाकीचे तेरा चांगले होते. पण ‘असणार’ हा शब्द अप्पांच्या दुकानात चालत नसे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताईला फोन केला. खरं सांगणार होतो. तोंडातून निघालं, "यू-बोल्ट परत आवळायचे असतात, गाडी घेऊन ये." हे काही खोटं नाही. पाटे बसवल्यावर थोडी गाडी चालली की बोल्ट सैल पडतात, ते आवळावेच लागतात. पण त्यासाठी पाटे सोडवावे लागत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तिकडून काय म्हणाली ते धड कळलं नाही, फोन जुना झालाय. फोन हिच्याकडे दिला. ही म्हणाली, "वन्सं म्हणतायत इस्पितळाचं काम संपलं की आणते. एक दिवसाआड खेपा चालू आहेत."

एक दिवसाआड ती त्या उतारावरून खाली येतेय आणि मी इथे बसून डायरी लिहितोय.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज काम नव्हतं. तरी कानात सूर चालूच.

हिच्याशी वाजलं. टीव्ही एवढा मोठ्याने लावता की शेजारचे बातम्या आपल्याकडच्याच ऐकतात, असं म्हणाली. मी म्हटलं, बातम्या देणारेही आता पुटपुटायला लागलेत. तिने हात जोडले.

अंगणात चिमण्या येतात. यंदा गप्पच असतात. दाणे टाकले तरी तोंडातून ब्र नाही. माझ्यासारख्याच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

न राहवून रोपवाटिकेत गेलो. ताई झाडं भरत होती. गाडीच्या हौदात निम्मीच भरली आणि मागची फळी लावून टाकली. म्हटलं, एवढी जागा आहे, अजून वीस डबे सहज बसतील. ती म्हणाली, "असू दे. दोन खेपा करते." मी मनात म्हटलं, भाऊजी असते तर एका खेपेत उरकलं असतं. ताई पहिल्यापासून जपून वागणारी.

म्हटलं, मीही येतो. ती आधी नको म्हणाली. मग माझं तोंड बघून दार उघडलं.

चढताना काही वाटलं नाही. वर झाडं उतरवली, इस्पितळाच्या माळ्याने पाणी दिलं. उतरताना मात्र माझा जीव टांगणीला. प्रत्येक वळणाला मी डाव्या मागच्या चाकाकडे कान लावून बसलो होतो. काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे ठीकच असणार.

ताई गाडी छान चालवते. भाऊजी गेल्यावर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकली. वळणावर वेग कमी करून, गिअर खाली आणून, उगाच ब्रेकवर पाय न ठेवता. मध्येच मोठ्याने म्हणाली, "तुला आठवतं, अप्पा आपल्याला पाठ करून बसवायचे?" हल्ली ती गाडीत असल्यासारखं घरातही ओरडूनच बोलते.

"आठवतं."

"मला फार आवडायचं ते. शाळेपेक्षा."

तिला आवडायचं आणि दुकान मला मिळालं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं की ताई, गाडी बाजूला घे, तुझ्या डाव्या बाजूचा मेन पाटा मी न वाजवताच घातलाय, आपण चालत खाली जाऊ. ते सांगितलं नाही. म्हटलं, "अप्पांचा हात फार जड होता." तिला वाटलं मी घणाबद्दल बोलतोय की मारण्याबद्दल, कोण जाणे. ती हसली.

घरी येऊन जेवलो नाही. माझ्यासारखा नालायक भाऊ शोधून सापडायचा नाही. तिला सांगितलं तर काय होईल? ती रागावणारसुद्धा नाही. नुसतं ‘बरं’ म्हणेल. मग दूधवाल्याला मी फैलावर घेतलं, ते तिच्या डोळ्यांपुढे येईल. त्याचीच मला लाज वाटतेय, आणि त्या लाजेपायी बहिणीला टेकडीवरून खाली पाठवतोय. हे लिहिल्यावर तरी अक्कल यावी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अक्कल आली नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुकानातून लवकर आलो तर ताईची पिकअप दारात. वाटलं, काहीतरी झालं. ताई आणि ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. मी आत शिरलो तशा दोघी गप्प झाल्या. हिने डोळे पुसले, कांदा म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

म्हणजे ताईला संशय आलाय. काम कसं झालं ते ती हिच्याकडून काढून घेतेय. गाडीत बसून तिने कदाचित काही ऐकलं असेल.

मी हातपाय धुवायला गेलो. बाहेर आलो तर ताई गेलेली. हिला विचारलं, काय म्हणत होती. ही माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे बघत, सावकाश म्हणाली, "तुमची काळजी करतायत त्या."

माझी कशाला. काळजी करायची तर स्वतःची करावी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी सातला रोपवाटिकेत गेलो. ती गाडीत डबे चढवत होती. मी हौदाची फळी धरून म्हटलं, "आज जाऊ नकोस. डावीकडचा मेन पाटा मी वाजवला नव्हता. दहा दिवस झाले, मला माहीत आहे आणि मी बोललो नाही. यू-बोल्टचं निमित्त होतं."

एका दमात बोललो. ताई फळीला टेकून उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. तिने हातातला डबा खाली ठेवला.

"दहा दिवस तुला झोप नसेल," ती म्हणाली.

"तू टेकडीवरून जात होतीस ताई. माझ्या झोपेचं काय घेऊन बसलीस."

"वाजवून बघायचाय तुला?"

"हो."

"बरं. उद्या आणते. मीही थांबते तिथे."

माळ्याला फोन करून तिने आजची खेप रद्द केली. मी घरी येऊन पोटभर जेवलो. उद्या पाटा सोडवायचा, वाजवायचा, खरा निघाला की सुटलो. खोटा निघाला तरी सुटलो. दोन्हीकडून सुटका आहे, आणि मी मूर्खासारखा दहा दिवस जळत बसलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नऊ वाजता ताई आली. ही पण तिच्याबरोबर गाडीतून उतरली. दुकानात कधी येत नाही ती. म्हटलं, आज काय बारसं आहे का. कोणी हसलं नाही.

गाडी उचलली, लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवली. यू-बोल्ट सोडले, टोकांच्या पिना काढल्या, डावीकडची चळत खाली घेतली. मधला बोल्ट काढून सातही पाटे सुटे केले. मेन पाटा पुसून हुकाला टांगला. ताई अप्पांच्या स्टुलावर बसली आणि लहानपणी बसायची तशी माझ्याकडे पाठ केली. मला गंमत वाटली.

हातोडी मारली. माझ्या कानात सूर भरला, लांब, बारीक, थांबेना असा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "खरा. ताई, खरा आहे."

ताई पाठमोरीच म्हणाली, "खोटा."

वाटलं, दहा दिवसांचा वचपा काढतेय. पुन्हा मारली, जोरात. "ऐक नीट. खणखणीत आहे."

"खोटा, धाकट्या."

मी हिच्याकडे पाहिलं. तिला पाट्यातलं काही कळत नाही. ती दाराशी उभी होती, पदर तोंडावर. म्हणाली, "मडकं फुटल्यासारखा वाजतोय हो." समोरून ब्रेकवाला आला होता, त्याने माझी नजर चुकवली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत उभा राहिला.

मी रॉकेलचा बोळा पाट्यावर फिरवला, पुसला, वर खडूची पूड टाकली. चीर असली तर आत गेलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर रेघ उमटते. थांबलो. मधल्या बोल्टच्या भोकापासून एक काळी रेघ निघाली आणि हळूहळू कडेपर्यंत गेली. करंगळीएवढं लोखंड शिल्लक होतं. तेवढ्यावर माझी बहीण टेकडीवरून येत-जात होती.

"पण मी ऐकलं," मी म्हटलं. "आता सुद्धा ऐकतोय."

ताई उठली. हुकावरून पाटा काढून खाली ठेवला. माझ्यासमोर उभी राहून, दोन्ही दंड धरून म्हणाली, "आता हुकाला काही नाही. अजून ऐकतोयस?"

ऐकत होतो. तोच सूर, लांब, बारीक.

मग मी स्वतःच म्हटलं, उजवीकडचे पण काढू. उजवीकडचे सातही मी त्या दिवशी नीट, एकेक टांगून, वाजवून घेतले होते. ताई पाठ करून बसली. मी मारत गेलो. खरा. खरा. खरा. चौथ्याला ती थांबली. म्हणाली, "परत मार." मी परत मारली. "खोटा."

खडूवर रेघ आली.

इतके दिवस मी न वाजवलेल्या पाट्याला घाबरत होतो. तो वाजवला असता तरी मी ‘खरा’ म्हणूनच गाडीत घातला असता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही.

हिला विचारलं, "कधीपासून?"

ती समोर येऊन बसली. "अडीच वर्षं तरी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत गेलात."

आठवलं. एकदा तर तिला म्हणालो होतो की घणाखाली वाढलेले कान आहेत, तुझ्यापेक्षा जास्त ऐकतात. ती त्या दिवशी स्वयंपाकघरात ताईसमोर रडत होती ती माझ्या कानांपायी, आणि मी त्याला माझ्या कामाची चहाडी समजलो. ताई नवे पाटे मागत होती ती याच कारणाने. माझ्या कानांचं तिला ठाऊक होतं. चार माणसांत मला तसं म्हणणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने माझे पाटे घालून घेतले आणि निम्मी झाडं भरली. मी तिला जपून वागणारी म्हटलं.

दूधवाल्याचा पाटा अर्धा गंजलेला होता. ताजा तुटलेला असता तर सगळा चकचकीत असता. गंज म्हणजे चीर जुनी, मी ठोकला त्याच्या आधीची. हे शेंबडं पोर सांगेल. मी तो हातात धरून त्याला बोल लावले, आणि तो मला म्हणाला, चुकलं मालक.

अडीच वर्षांत कोणाकोणाचे केले ते आठवून लिहितो. बर्फवाला. गादीवाला. विटांचे दोन ट्रक. पाण्याचा टँकर. मंडपवाला. कोंबड्यांची गाडी. शाळेचं सामान नेणारा म्हातारा, त्याचे तर दोनदा. भंगारवाला. काचवाला. अजून असतील. ही शेजारी बसून आठवण करून देतेय. एक नाव तिने सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. माझा सख्खा व्याही. त्याच गाडीतून आमची लेक बाजारात जाते.

त्याला हिने तिथल्या तिथे फोन केला. गाडी दारात उभी करून ठेवा म्हणाली, कारण विचारू नका.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल आणि आज फिरलो. ही बरोबर होती, फोनवर तीच बोलते, मी माणसासमोर उभा राहून बोलतो. वाक्य एकच आहे. माझे कान गेलेत, मी तुमचे पाटे नीट तपासलेले नाहीत, गाडी भरू नका, दुकानात आणा. पहिल्यांदा म्हणायला अर्धा तास लागला. गादीवाला चिडला, लोकांच्या जिवाशी खेळलास म्हणाला. बरोबर बोलला. बर्फवाला हसत सुटला, त्याला थट्टा वाटली. विटावाल्याने दुसरीकडे नवे घातलेत म्हणे, गेल्या वर्षीच. मी मनातल्या मनात त्याचे पाय धरले.

दूधवाल्याकडे शेवटी गेलो. त्याची बायको एका हाताने कॅन घासत होती, दुसऱ्याला प्लास्टर. मी दोघांसमोर सांगितलं की चूक त्याची नव्हती. पाटा मी खोटा घातला होता. त्याच्या भरण्याने तुटला नाही.

तो गोंधळला. म्हणाला, "जाऊ द्या मालक, भरत तर होतो मी जास्त."

"नव्हतास भरत."

"थोडं भरत होतो."

मी त्याला किती वेळा तरी सांगितलं, नव्हतास. त्याला ते पटत नव्हतं. इतके दिवस त्याने बायकोसमोर दोष स्वतःवर घेतला होता, तो आता उतरवता येईना. शेवटी त्याची बायको कॅन ठेवून त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "ऐका की. म्हणतायत ना ते, तुमची चूक नाही." मग तो खाली बसला. मला चहा दिला त्यांनी. तो मी प्यायलो, नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. जे गेलं ते गेलं म्हणाले. यंत्र बसवता येईल, त्याने माणसांचं बोलणं कळेल. आत वाजतंय ते बंद करायचं औषध नाही.

ताईच्या गाडीला परवा नवे पाटे घातले. मीच घातले. काल तिने हौद पूर्ण भरला आणि एका खेपेत उरकलं. तिला म्हटलं, दुकान बंद करतो. ती म्हणाली, "आणि दारात उभ्या आहेत त्या गाड्यांचं कोण बघणार?"

आज सुट्टी, तरी नऊलाच आली. दारात सहा गाड्या होत्या. तिने स्टूल पुसलं, पाठ करून बसली. मी सोडवायचं, टांगायचं, मारायचं. ती सांगणार. तिचं म्हणणं मी खडूने पाट्यावर लिहिणार. दुपारपर्यंत दोन गाड्या झाल्या. गादीवाल्याचे दोन खोटे निघाले, व्याह्यांचा एक. तो मी बाजूला ठेवला, भंगारात टाकवला नाही. पुन्हा पुन्हा बघतोय.

ताई थकत नाही. एका पाट्याला दोन क्षण. कधी ‘परत’ म्हणते, मग सांगते. अप्पांनी ताईलाच इथे बसवायला हवं होतं. चाळीस वर्षं मी या जागेवर बसलोय ते कशाच्या जोरावर, हे फक्त मला माहीत आहे. कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आमच्या हिलासुद्धा नाही. या वहीतही त्या दिवशी खोटंच लिहिलं, दोघांचंही चुकलं नाही म्हणून.

हातोडी खाली ठेवली. तिच्या समोर जाऊन उभा राहिलो, म्हणजे बोलली तर कळेल.

"ताई, एक सांगायचंय. अप्पा परीक्षा घ्यायचे तेव्हा मला खात्री नसायची. तू बोललीस की मग मी बोलायचो. दर वेळी."

ती माझ्याकडे बघून हसली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू मागे बसायचास ना, तुला नीट ऐकू यावं म्हणून तर मी मोठ्याने सांगायचे."

तिने माझा दंड थोपटला आणि स्टुलावर पुन्हा पाठ फिरवली.

"चल, पुढचा लाव," ती ओरडून म्हणाली. मी शाळेचं सामान नेणाऱ्या म्हाताऱ्याचा मेन पाटा हुकाला टांगला.